वर्गातली घंटी

इंग्रजी वादविवादाच्या वर्गात बाईंचा एकच कडक नियम होता: टेबलावरची घंटी वाजली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं, आभार मानून बसायचं. कपड्यांच्या कारखान्यातल्या मावशी बोलायला लागल्या की गाडीला ब्रेकच नसायचा. बाईंनी घंटी बडवून बडवून त्यांना वळण लावलं. कारखान्यात आग लागल्यावर दार तोडून बाहेर पडल्या म्हणून कामावरून काढलेल्या बायकांची बाजू आज मावशी मोठ्या साहेबांपुढे इंग्रजीतून मांडत होत्या. बाई मागे जीव मुठीत धरून बसल्या होत्या. “दाराला बाहेरून कुलूप लावायला ज्यांनी सांगितलं, ते...” तेवढ्यात साहेबांनी चहासाठी टेबलावरची घंटी दाबली. मावशी थांबल्या, “थँक यू” म्हणाल्या आणि बसल्या. “संपलं? मग निर्णय कायम.” साहेबांनी फाईल मिटली. मावशी वळून हसल्या, “बाई, आज बरोब्बर थांबले ना?”