सातवी लाट

"आजच्या लाटा पुरुषभर उंच, खडकाला खेटून फुटणाऱ्या. फक्त सराईतांसाठी," किनाऱ्यावरच्या भोंग्यातून पाण्याखालचा खडक बोलला. "सातवी लाट मृण्मयीची."

मृण्मयीच्या हातातली दुधाची बाटली तशीच राहिली. खडकावर वाढवलेल्या पोवळ्यामुळे त्याला येणारी प्रत्येक लाट आधी कळायची आणि ती कोणाला झेपेल, हेही. बाळंतपणापासून त्याने तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. तिने भोंग्यापाशी जाऊन दोनदा विचारलं; दोन्ही वेळा तेच उत्तर.

"चुकला असेल. पुन्हा विचारते."

"आता तिसऱ्यांदा?" सासूबाईंनी छोटी रेवा तिच्या कडेवरून ओढूनच घेतली. "जा गो! मी काय चेडवाक खातलंय?"

सर्फिंगच्या फळीवर पोट टेकून ती निघाली. सातवी लाट उठली, ती उभी राहिली, पायांखालून खडक चकाकत सरकला आणि कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून मोठ्ठी आरोळी फुटली. काठावर रेवाने टाळ्या पिटल्या.

ओल्या केसांनीच ती भोंग्यापाशी धावली. "आणि माझ्या रेवाची लाट? ती केवढी असेल? धोका नाही ना?"

खडक उत्तरला, "तिची लाट अजून निघालेलीच नाही."

"मगे टायम आसा," सासूबाई हसल्या. "तवसर तू आणि एक लाट घेवन ये!"