मांजरीचं मशीन

सत्त्याण्णव साली धाकट्या जावेला, शिवांजलीला, तिच्या भावानं अमेरिकेहून मांजरीसाठी विजेवरची पेटी आणली. मांजर तिच्यातल्या वाळूत घाण करून उठली की पेटी आपणच वाळू चाळून ती बाजूला काढायची. बीडमधली अख्खी गल्ली बघायला लोटली. थोरली नीलम्मा मात्र आतल्या आत जळत होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं हागणं-मुतणं तीन वर्षं ती एकटी काढत होती. आणि सुख कुणाला, तर मांजरवालीला!

दुपारी ती चादर बदलताना सासू हळूच म्हणाली, "नीलम्मा, माणसासाठी न्हाई का गं मिळत तसलं मशीन? तू तरी सुटशील."

सकाळपासून नीलम्माच्या मनात तेच होतं. पण सासूच्या तोंडून ऐकताच ती फणकारली, "मिळालं तरी घरात येऊ द्यायची न्हाई मी. तुमाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला खपायचा न्हाई, आत्याबाई."