नवमीची सवाष्ण

"तुह्या अंगावरची साडी दे मले," प्रयागबाई म्हणाल्या. "हे नवी नेस."

मिनल मोरीच्या दारात तशीच उभी राहिली. हातात कोरी हिरवी साडी. फुकटात कुणी काही देत नाही, हे चार वर्षांच्या संसारात ती चांगलं शिकली होती.

"माही कशाले, मावशी?"

"लागते," म्हणून प्रयागबाई पुन्हा वडे थापायला बसल्या.

कळमेश्वरच्या सासरातून सुटून इथे आल्याला मिनलला नऊ दिवस झाले होते. माहेरची गरिबी, म्हणून बिजवराला दिली. सुशीलनं पहिल्याच महिन्यात हात उचलला आणि पुढे त्या हाताला कधी विश्रांती म्हणून दिली नाही. शेवटी डावं मनगट मोडलं, तेव्हा त्यानंच तिला शहरातल्या एका दवाखान्यात आणलं, "जिन्यावरून पडली" म्हणून सांगितलं आणि प्लास्टर होईस्तोवर तंबाखूचा खर्रा खायला बाहेर गेला.

तो गेल्या गेल्या ही म्हातारी शेजारी येऊन बसली होती. नाव नाही, गाव नाही. "नंदनवन वस्तीत माही वरची खोली रिकामी हाये. येतं का?" एवढंच. बुडत्याला काडीचा आधार, तशी मिनल मागच्या दारानं तिच्यासोबत निघाली.

पण दुधानं पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. म्हातारीनं मिनलबद्दल काही विचारलं नाही. सुशीलबद्दल मात्र सगळं विचारून घेतलं. ड्युटी कधी सुटते? गाडी कोणती? आणि परवा जेवता जेवता, "अजून तसाच पेते का?"

त्या 'अजून'वर मिनलची दोन दिवस झोप उडाली होती. ही त्याच्या ओळखीची असणार. आगीतून निघून आपण फुफाट्यात येऊन बसलो.

तरी तिनं साडी बदलली. जाणार कुठे? तिची पिवळी साडी प्रयागबाईंनी नीट घडी करून पाटावर ठेवली. पाटासमोर केळीचं पान मांडलं, त्यावर खीर, वडे, कढी वाढली. दुसरं पान मिनलसाठी होतं.

"आज अविधवा नवमी," प्रयागबाई म्हणाल्या. "माह्या प्रेमिलाच्या नावानं सवाष्ण जेवू घालतो मी. सात वर्षं झाले."

मिनल जरा वरमली. पितृपक्षात नवमीला हे करतात, ते तिला ठाऊक होतं. तिच्या आजीचंही व्हायचं. पण ते सासरचे लोक करतात. आईनं लेकीचं पान वाढलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"तिच्या सासरी नाही करत?"

"त्याहीनं एकडाव बी नाही केलं. जाळून टाकली, अन् गॅसचा भडका झाला म्हणे. उपाशी फिरून राहिली पोरगी." प्रयागबाईंचा आवाज कापला. डोळे पुसून त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं.

"अन् तिचा नवरा?"

"खुशाल हाये," प्रयागबाई म्हणाल्या. "बस. जेव."

मिनलनं पहिला घास घेतला आणि तिची नजर फडताळाकडे गेली. तिथे तिचा फोन होता. तो तिनं बंद करून डब्यात लपवला होता. आता त्याचा दिवा लुकलुकत होता. सुशीलनं तिला कधी फोनला लॉक लावू दिलं नव्हतं, त्यामुळे तो कुणालाही उघडता येत असे. तिनं हात लांबवून तो उचलला. दहा वाजता सुशीलला मेसेज गेला होता: घ्यायला या. खाली नंदनवनचा पत्ता.

तिनं फोन प्रयागबाईंपुढे धरला.

"मावशी, तुमी बलावलं त्याले?"

"हो."

"काहून? काय बिघडवलं मी तुमचं?"

खाली फाटकाशी मोटरसायकलचा हॉर्न वाजला. तीनदा, लांब. लोकांच्या घरात पाय ठेवायची त्याला सवयच नव्हती. बायकोनं हॉर्नवर धावत यावं, अशी त्याची रीत.

"मिनल! खाली ये!"

मिनल उठायला गेली. प्रयागबाईंनी तिचा धडधाकट हात घट्ट धरला. म्हातारीच्या बोटांत एवढा जोर कुठून आला देव जाणे.

"पानावरून उठू नको. सवाष्ण उठत नसते. डोळे मीट."

"तो मारून टाकीन मले!"

"मीट म्हणतो ना वं!"

मिनलनं डोळे मिटले. आता ती फक्त रडत होती. शेजारचा पाट फरशीवर सरकला. बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी उंबरा ओलांडून, एकेक पायरी मोजल्यासारखं, सावकाश जिना उतरून गेलं. प्रयागबाई तर इथेच होत्या, हात धरून.

"आली का लाइनवर?" खालून सुशीलचा आवाज आला. "तोंडावर पदर काहून घेतला? बस मांगं. घरी चाल, मंग पायतो तुले."

गाडी सुरू झाली. आवाज लांब गेला, तसा प्रयागबाईंनी हात सोडला.

मिनल खिडकीकडे धावली. वळणावर सुशीलची गाडी दिसली. मागे पिवळ्या साडीतली बाई बसली होती. तिनं दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला विळखा घातला होता.

मिनलनं वळून पाहिलं. पाट रिकामा होता. त्याच्यासमोरचं पान पुसून खाल्ल्यासारखं स्वच्छ होतं.

"मावशी... ते कोण गेली?"

प्रयागबाईंनी ते पान उचलून दुमडलं. सात वर्षांत आज पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"आता पुढच्या वर्षीपासून नवमी बंद," त्या म्हणाल्या. "जावई जित्ता हाये तोवरच घालाची असते."