एका नंबरच्या दोन गाड्या

गाडी उघडेना. लोर्नाने चावीचं बटण पुन्हा दाबलं, तर मागच्या रांगेत कुठेतरी टिकटिक झालं. तिने काचेतून आत डोकावून पाहिलं. सीटवर कुणाचं तरी हिरवं जाकीट पडलं होतं. दुसऱ्याच कुणाच्या गाडीशी झटतोय आपण, म्हणून ती स्वतःशीच हसली. वळता वळता तिची नजर नंबर प्लेटवर गेली.

नंबर तिचा होता.

तिने मागे पाहिलं. तिची स्वतःची गाडी दिवे लुकलुकवत उभी होती. तीच कंपनी, तोच लाल रंग, तोच नंबर.

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरातल्या त्या सुपरमार्केटबाहेर शनिवारची गर्दी होती. लोर्नाने पिशव्या गाडीत फेकल्या, गाडी काढली आणि त्या दुसऱ्या लाल गाडीच्या मागे आडवी लावली. मग पोलिसांना फोन केला.

"गाडीतच बसा. कुणाशी बोलू नका," पलीकडून सांगण्यात आलं.

लोर्ना खाली उतरली.

गेल्या महिन्यात याच नंबरापायी पोलिसांनी तिला भर रस्त्यात अडवलं होतं. लीड्सला एका दरोड्यात हा नंबर दिसला होता म्हणे. गाडीत शेजारी तिचे वडील, क्लिफर्ड. वय ब्याऐंशी. सगळी हयात मासेमारी बोटीवर गेलेली. त्यांना ओढून बाहेर काढलं, दोन्ही हात वर करायला लावले. म्हाताऱ्याची पँट ओली झाली. नंतर पोलिसांनी माफी मागितली, तुमचा नंबर कुणीतरी चोरलाय असं सांगितलं. पण तेव्हापासून क्लिफर्ड लेकीच्या गाडीत पाय ठेवत नव्हते.

"ओ बाई, तुमचा रणगाडा हलवा जरा! माझे मटार वितळतायत."

तिशीच्या आतबाहेरचा एक तरुण ट्रॉली ढकलत येत होता. ट्रॉलीत लहान मुलगी बसली होती.

"ही गाडी तुझी?" लोर्नाने विचारलं.

"नाही, राजाची! हलवा म्हणतो ना."

"आधी नंबर वाच. तुझ्या गाडीचा. मग माझ्या. मोठ्याने वाच, चोरा!"

त्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या गाडीच्या निम्म्या नंबरावर त्याचा आवाज बसला.

"चोर कुणाला म्हणता?" तो एकदम उसळला. "विकत घेतलीय मी ही. आत्ता, तीन आठवड्यांपूर्वी. कागद बघून घेतलीय. डॅरेल म्हणतात मला, गोदीवर कुणालाही विचारा. थांबा, जाहिरातच दाखवतो."

लोर्नाने फोन त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

फोटो तिचाच होता. तिच्या दारातली तिची गाडी. वडिलांच्या वाढदिवसाला तिने काढला होता आणि कौतुकाने इंटरनेटवर टाकला होता. फोटोतून वडील कापून टाकले होते. बोनेटवर टेकलेला फक्त त्यांचा हात उरला होता. बोटीच्या दोरात अर्धा तुटलेला अंगठा स्पष्ट दिसत होता.

"हा हात कुणाचा आहे, ठाऊक आहे तुला?"

"विकणाऱ्याचा असेल," डॅरेल म्हणाला.

लोर्नाने फोन त्याच्या हातात परत कोंबला. तिला कुणाला तरी मारायचं होतं. तिने टायरला लाथ घातली. कुठल्या गाडीचा टायर, तेही पाहिलं नाही.

पोलिसांची गाडी आली. आलेल्या पोलीस बाईने टॉर्च लावून पुढच्या काचेखाली कोरलेला चेसिस क्रमांक पाहिला, वायरलेसवर विचारला. डॅरेलची गाडी नॉटिंगहॅमहून चोरीला गेलेली निघाली. कागद खोटे. गाडी जप्त.

"आणि मी?" डॅरेलने विचारलं. "सोमवारी कामावर कसा जाऊ? पोरीला शाळेत कसं सोडू?"

"तक्रार नोंदवा," पोलीस बाई म्हणाली. मग ती लोर्नाकडे वळली. "तुम्ही नवीन नंबर मागून घ्या. आणि यापुढे फोटो टाकताना नंबर झाकत जा. एवढी काळजी घ्यायलाच हवी."

"मी?" लोर्ना एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या ट्रॉल्या थांबल्या. "रस्त्यावर झाकला तर दंड तुम्ही करणार, फोटोत झाकला नाही तर अक्कल तुम्हीच शिकवणार! माझ्या बापाला भर रस्त्यात हात वर करायला लावलेत. ह्याची गाडी नेताय. आणि ज्याने हे केलं तो कुठाय?"

"तपास चालू आहे."

"चालू आहे! तोही चालूच आहे. आता तिसऱ्याच कुणाचा तरी फोटो बघत बसला असेल!"

पोलीस बाईने वायरलेसवर गाडी उचलायला ट्रक मागवला. थोड्या वेळाने ट्रक आला, लाल गाडी वर चढवली आणि घेऊन गेला. डॅरेल काखेत मुलीची बेबी सीट धरून उभा राहिला. मुलगी ट्रकला टाटा करत होती.

"बसा," लोर्नाने दार उघडलं.

"नको. मघाशी चोर म्हणालात."

"मघाशी म्हणाले. आता बस म्हणतेय. की पोरीला चालवत नेणार आहेस?"

तो मान खाली घालून मागच्या सीटकडे गेला. बेबी सीट पहिल्याच झटक्यात बसली. पट्टा कुठून ओवायचा, खटका कुठे, सगळं त्याच्या हाताला ठाऊक होतं. मग तो पुढे येऊन बसला, खिडकीबाहेर बघत. लोर्नाने गिअर असा टाकला की तो करकरला.

मागे मुलीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. काचेवरून बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली नाही. मग तिने खूश होऊन विचारलं,

"बाबा, आपली गाडी कुणी धुतली?"