अंगठीचा हात

गोडेलीव्हच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. नवऱ्यामागे ब्रसेल्समधला विणकामाचा कारखाना चालवणाऱ्या त्या बाईने सरळच विचारलं होतं, "माझ्याशी लग्न कराल का?" माझी लेखणी काही पुढे सरकेना. तिच्याच कारखान्यात विणायच्या भिंतपडद्यासाठी मी तेव्हा 'निष्ठा' देवीचं चित्र काढत होतो. देवीला गोडेलीव्हचा चेहरा दिला, उजव्या हातात लग्नाची अंगठी काढली आणि भीत भीत चित्र पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चित्र घेऊन दारात उभी.

"योस्ट मास्तर, जन्म गेला की तुमचा आमच्यासाठी चित्रं काढण्यात! मागावर उजव्याचं डावं होतं, विसरलात? पडद्यात ही अंगठी डाव्या हातात येणार. आपल्याकडे लग्नाची कोण घालतं हो डाव्या हातात? मी काय समजू, नकार की वेंधळेपणा?"



न्याहारीच्या पावाचा मऊ तुकडा घेऊन मी कोळशाने काढलेली ती अंगठी पुसली, डाव्या हातात नवी काढली आणि पत्राचं उत्तर तिच्याच हाती रवाना केलं.