दोन सावल्या

"हा हात कुठून आला?" जयतीर्थ मास्तरांनी विचारलं.

भाग्यलक्ष्मी त्यांच्या शेजारी उभी होती. चिकपेटेतल्या गोदूबाईंच्या दिवाणखान्यात भिंतीवर ते जुनं विलायती तैलचित्र होतं, आणि समोर तिची नक्कल. सव्वा महिना खपून तिने ती पुरी केली होती. मेणबत्तीजवळ बसलेला म्हातारा, टेबलावर पांढरं कापड, त्यावर सुरई आणि बाकी सगळा अंधार. उजेड शिकायचा तर असल्या उस्तादांकडूनच, असं मास्तर म्हणत. पंधरा वर्षं ते प्रत्येक विद्यार्थ्याला इथे आणून बसवत होते.

आणि या पोरीने डाव्या कोपऱ्यातल्या अंधारात चक्क एक हात घुसवला होता! मेणबत्तीपुढे धरलेला, बोटांच्या कडांतून लालसर उजेड झिरपणारा.

मास्तरांचा संताप रास्तच होता. नक्कल म्हणजे नक्कल. तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला अठरा वर्षांच्या मुलीने शिकवायचं म्हणजे हद्द झाली. मुंबईच्या कलाशाळेसाठी तिला त्यांचं शिफारसपत्र हवं होतं, अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. अट एवढीच होती की आपल्या पदरचं काही घालायचं नाही. तेवढंही तिला पाळता आलं नाही.

"सर, मेणबत्ती एक, सुरई एक," ती हळूच म्हणाली. "मग कापडावर सावल्या दोन कशा? ही पुढची सावली कशाची तरी असणार. मी ते शोधलं."

"उस्तादाची चूक काढतेस?"

"नाही सर. त्याची चूक असेल असं वाटत नाही, म्हणूनच शोधलं."

गोदूबाई कॉफी घेऊन आल्या. पोर लहान आहे, स्वल्प समजून घ्या, असं त्यांनी सांगून पाहिलं. मग चित्राकडे मान वर करून म्हणाल्या, "आमचे हे म्हणायचे, या हातासाठीच मी चित्र घेतलं. मला आपला तो म्हाताऱ्याचाच वाटायचा."

"म्हाताऱ्याचाच, अक्का," मास्तर म्हणाले.

त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? यजमान गेल्यापासून चित्राची निगा तेच राखत. एकदा तर महिनाभर घरी नेऊन त्यांनीच ते साफ करून आणलं होतं.

त्यांनी खिशातून शिफारसपत्र काढलं आणि तिच्यादेखत फाडलं. भाग्यलक्ष्मीचे डोळे भरून आले, पण मान खाली गेली नाही.

"मग ती सावली खोटी आहे म्हणा, सर. मी हात पुसून टाकते."

असली नक्कल दुसऱ्या मुलांच्या नजरेस पडायला नको, म्हणून मास्तरांनी ती कागदात गुंडाळून काखेत मारली आणि ते तरातरा निघून गेले.

बसवनगुडीतल्या खोलीवर पोचल्यावर त्यांनी भर दुपारी दाराला कडी घातली. कपाटामागून जुन्या धोतरात बांधलेलं एक चित्र काढलं, धूळ झटकली आणि मुलीच्या चित्राशेजारी भिंतीला टेकवलं. तीच मेणबत्ती, तोच म्हातारा, तीच सुरई. आणि डाव्या कोपऱ्यात, महिनाभर झटूनही त्यांना जमला नव्हता म्हणून गोदूबाईंच्या भिंतीवरच्या आपल्या नकलेत त्यांनी ज्यावर काळा रंग फासला होता, तो हात.