फ्लॅशची शीळ

"हाही बंद आहे." म्हाताऱ्या फोटोग्राफरने तिसरा फ्लॅश कानापासून काढून काउंटरवर ठेवला. "दुसरा दाखवा."

दुकानदाराने गोंधळून म्हाताऱ्याच्या बायकोकडे पाहिलं. ती तीन हात लांब बाकावर बसली होती आणि तिथूनही तिला फ्लॅश चार्ज होताना येणारी ती बारीक, चढत जाणारी शीळ स्वच्छ ऐकू येत होती. तिन्ही फ्लॅश ठणठणीत होते. पण परक्या माणसासमोर नवऱ्याची शोभा कशाला, म्हणून तिने मिठाची गुळणी धरली.

काम एवढंसंच होतं. रविवारी नात येणार होती, तिचे फोटो काढायला रोलच्या छोट्या कॅमेऱ्यावर बसेल असा एक फ्लॅश घ्यायचा. पण चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेला माणूस! फ्लॅश भरला की मागे लाल दिवा लागतो, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? "दिवा बघत बसतो तो शिकाऊ," आल्या आल्या त्याने दुकानदाराला ऐकवलं होतं. "आपली नजर माणसाच्या चेहऱ्यावर हवी. फ्लॅश भरला की कान सांगतो."

याच परीक्षेत नापास होऊन घरचे दोन फ्लॅश भंगारात गेले होते. बायको हल्ली पुटपुटते, असं त्याचं म्हणणं. बातम्या देणारी बाई पुटपुटते, मुलगा फोनवर पुटपुटतो, सगळं जगच पुटपुटायला लागलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं! कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तर गडी भरल्या ताटावरून उठायचा.

चौथा फ्लॅश आला. त्याने त्यातही नवे सेल घातले, खटका सरकवला, डोळे मिटले आणि फ्लॅश कानाला लावला. शीळ चढत चढत गेली आणि थांबली. त्याच्या कानाशी लाल दिवा लागला. दुकानदार काही बोलणार, तेवढ्यात तिने मानेनेच नको म्हटलं.

"चारच्या चार बंद?" तो तडकला. "असला मेलेला माल विकायला बसलात होय? हे बघा!"

आणि दाखवायला म्हणून त्याने बटण दाबलं. दुकानात लख्ख उजेड पडला.

तो डोळे मिचकावत उभा राहिला. मग त्याने तिसरा उचलला. रागाच्या भरात त्याने एकाचाही खटका बंद केला नव्हता. बटण दाबलं, उजेड. दुसरा उचलला, पुन्हा उजेड. पहिल्याला त्याने हात लावला नाही.

एक ना एक दिवस याची खोड मोडेल आणि आपल्याला बरं वाटेल, असं तिला दोन वर्षं वाटत होतं. आता तिला रडू येत होतं.

"म्हणजे घरचे दोन पण चांगले होते," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की. रोज."

"काय?"

तिने आवाज चढवला नाही. ती उठली आणि तिचे ओठ नीट दिसतील अशी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. चारही फ्लॅश तिने एकेक करून उलटे केले, मागची बाजू निरखून पाहिली आणि त्यातला एक त्याच्या हातात ठेवला.

"हा घ्या," ती म्हणाली. "याचा दिवा मोठा आहे."